मेतकूट संपलं तेव्हा

देवस्थळी सरांनी तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर कर्वेनगरच्या ज्येष्ठ नागरिक संघात ते दर गुरुवारी व्याख्यान देत. येत्या गुरुवारचा विषय होता, 'यंत्राला कळतं का?' सरांचं म्हणणं ठाम होतं : यंत्र शब्दाला शब्द जोडतं, समजून उत्तर देतो तो माणूसच.

"यंत्राला कळत नाही म्हणता," संघाचे चिटणीस रंगनाथ म्हणाले, "आपल्या सभासदांना तरी कुठे कळतं? अर्धे चहासाठी येतात."

सर हसले. घरी हसायला कोणी नव्हतं. पत्नी उल्काताई जाऊन दहा महिने झाले होते. मुलगा सलिल हिंजवडीत नोकरीला, राहायलाही तिकडेच. रोज संध्याकाळी त्याला मोबाइलवर एक निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची, एवढंच बापलेकांत उरलं होतं.

बुधवारी दुपारी सरांनी मऊ भातावर मेतकुटाची बरणी झटकली. उल्काताईंनी भाजून दळलेलं ते शेवटचं. संध्याकाळी त्यांनी लिहिलं, "आईच्या हातचं मेतकूट आज संपलं."

लगेच उत्तर आलं, "मस्त! एन्जॉय करा."

सर चष्मा पुसून पुन्हा वाचू लागले. मग त्यांना आठवलं, हल्ली फोन स्वतःच तयार उत्तरं सुचवतो. सलिलनेच दाखवलं होतं. त्यांना एकदम हायसं वाटलं. व्याख्यानाला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडलं नसतं. तरी खात्री केलेली बरी, म्हणून त्यांनी फोन लावला.

"सलिल, मघाचं उत्तर यंत्राचं ना रे? उद्या सांगणार आहे. तुझं नाव घेत नाही."

"कुठलं उत्तर, बाबा?"

सरांनी वाचून दाखवलं.

"नाही बाबा, मीच टाइप केलं. मीटिंगमध्ये होतो. मेतकूट एवढंच वाचलं हो... आईचं होतं का ते? सॉरी."

"असू दे. जेवलास का?"

"हो, आलोच," सलिल म्हणाला. त्याला मागून कुणीतरी हाक मारली होती.

गुरुवारी सरांनी यंत्राला काही कळत नाही, हे नेहमीसारखं ठासून सांगितलं. पुढचं वाक्य कागदावर होतं, ते वाचलं नाही.

"आज माणसाबद्दल काही बोलला नाहीत?" चहा देताना रंगनाथांनी विचारलं.

"त्याची अजून खात्री करतोय."

संध्याकाळी सरांनी "व्याख्यान झालं" एवढं लिहून पाठवलं आणि फोन टेबलावर उपडा ठेवला.