दिगूकाका आणि आईचा कान

कोणत्याही लेकराचा कान टोचायच्या आधी दिगूकाका ते लेकरू आईच्या मांडीवरून उचलून दुकानाच्या दारात नेत. कानाची पाळी दोन बोटांत धरून तिच्यातून उजेड पाहत. लालसर पाळीत बारीक शीर दिसली की ती चुकवून शाईचा ठिपका देत. मग चौकशी सुरू. "काल ताप आलता का? लस कधी टोचली? दूध पेलं का सकाळी? जुलाब गिलाब?" एवढं तर गावातल्या दवाखान्यातही कोणी विचारत नाही. एखादं उत्तर पटलं नाही की, "आज नाही जमत माय. पंध्रा रोजानं आन त्याले," म्हणून लेकरू परत.

दारव्ह्यात सोनारांची दुकानं काय कमी आहेत? पण कान टोचायचा तर दिगूकाकांकडेच. माझे त्यांनी टोचले, धाकट्या भावाचे टोचले, माझ्या मुलीचेही टोचले. एकदा एका बड्या साहेबांच्या बाई बाळ घेऊन गाडीतून उतरल्या. घरी पाहुणे जेवायचे थांबलेले आणि बाळाला सारख्या शिंका. काकांनी सुई पेटीत ठेवून दिली. बाई भडकल्या, ड्रायव्हरही गुरकावला. काका चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बाईसाहेब, देवानं याले दोनच कान देल्ले. तिसरा माह्या पेटीत नाही." बाई तणतणत गेल्या आणि पंधरा दिवसांनी मुकाट्याने पुन्हा आल्या.

असा माणूस. किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण लावलेला, चष्म्याच्या काड्यांना दोरा. टोचताना लेकराशी 'अहो साहेब, झालंच' असं अदबीने बोलायचे आणि लेकरू रडलं की यांचेच डोळे भरायचे. सावधपणा म्हणजे काय हे शाळेतल्या मुलांना सांगायचं असलं की मी बिनदिक्कत दिगूकाकांचं उदाहरण द्यायचे. वर्गात, फळ्यासमोर उभी राहून! म्हणून पुढचं सांगताना अजूनही माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

काकांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिलेली होती. त्यांनीच लहानपणी टोचलेल्या पोरी आता आया झाल्या, सासवा झाल्या. जड झुबे वागवून त्यांच्या कानांची भोकं लांबत गेली, काहींच्या पाळीच्या तर खालपर्यंत फाटून दोन फाका झाल्या. या बायका लग्नकार्यात डॉक्टरपट्टीच्या तुकड्याने टॉप्स चिकटवतात, नाहीतर बोडक्या कानांनी मागच्या रांगेत बसतात. डॉक्टरकडे जा म्हटलं की टाक्यांचं भ्या. काका म्हणायचे, "भोक म्या पाडलं ना व. फाटलं तं माह्याच जिवाले लागते."

नेमका हाच धागा पकडून तो माणूस आला. नागपूरचा म्हणे. इस्त्रीचे कपडे, हातात बॅग, तोंडात साखर. बॅगेतून त्याने औषधाची छोटी बाटली काढली. टाका नाही, सुई नाही, रक्त नाही. फाटलेल्या कडांना काडीने लावायचं, वरून पट्टी मारायची, चार-सहा वेळा केलं की कान जुळला. एका दुपारात त्याने काकांना शिकवलं आणि झोकात प्रमाणपत्रही दिलं. बाटलीवर नाव नाही, गाव नाही, काही नाही. पण काका काही असेतसे भुलणारे नव्हते. त्यांनी पहिल्यांदा ते स्वतःवर लावून पाहिलं. तरुणपणी बाळी घालायचे, त्या भोकावर. चुरचुरलं, खपली आली, महिन्या-दीड महिन्यात भोक बुजलं. तेव्हा कुठे त्यांनी बायकांचे कान जोडायला घेतले, आणि जुळलेही. आता सांगा, याहून सावध माणूस कोणता असतो?

आईला मीच घेऊन गेले. होय, मीच. तिचाही एक कान फाटलेला. भावाचं लग्न ठरलं होतं आणि तिला व्याह्यांपुढे झुबे घालून मिरवायचं होतं. काकांनी तिलाही दारात उभं केलं, उजेडात पाळी पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "वयनी, काल ताप गिप आलता का? जुलाब? इतक्यात लस टोचली का कोनती?"

आई खो खो हसली. "भाऊजी, मी काय तान्हं लेकरू हावो?"

आम्ही तिघंही हसलो. आईला दहा वर्षांपासून शुगर आहे. त्यांनी विचारलं नाही, आईने सांगितलं नाही आणि मला शिकल्यासवरल्या बाईला सुचलं नाही. जन्मभर लेकरांचे कान हाताळलेल्या माणसाकडे सगळे प्रश्न लेकरांचेच होते! साठी उलटलेल्या बाईला काय विचारायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

तो नागपूरवाला त्या दिवशी दुकानातच होता. त्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला. आधी फाटलेली पाळी, मग काकांचा तो स्थिर हात, मग पारदर्शक पट्टीने जुळवलेला कान आणि आईचं हसू. "चाळीस वर्षांचा अनुभव, दारव्ह्याचे दिगूकाका," असं तो मागून बोलत होता. मला इतकं कौतुक वाटलं की मी तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, स्टेटसलाही ठेवला.

तिसऱ्या वेळचं औषध लावल्यावर आईचा कान ठणकायला लागला. "औषध काम करून राह्यलं," ती म्हणाली आणि मी शाळेत गेले. दोन दिवसांनी पट्टी काढली तर, बाप रे! पाळी काळी पडली होती. काळी म्हणजे अक्षरशः जळल्यासारखी, आणि वास येत होता. गाल सुजून डोळा बारीक झालेला. आईला शेजारणीजवळ बसवलं आणि तशीच काकांच्या दुकानावर धावले. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. गिऱ्हाईक बसलेलं होतं, त्याच्यासमोर बोलले. काकांनी ती बाटली खिशात टाकली, शटर ओढलं आणि म्हणाले, "चाल. मीबी येतो."

यवतमाळला नेईपर्यंत काकांनी आईचा हात सोडला नाही. दवाखान्यात प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरबाई होत्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी विचारलं, "काय लावलं होतं?" मी काही तरी गुळमुळीत सांगायला तोंड उघडलं. खरं सांगायचं तर काकांना वाचवायलाच. तेवढ्यात काका पुढे झाले आणि बाटली टेबलावर ठेवली. "हे लावलं. म्या लावलं, तीन बखत. ह्याच्यात काय हाये ते मले मालूम नाही."

डॉक्टरबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, बाटली उजेडात धरली. "काका, हे ॲसिड आहे," त्या म्हणाल्या. "कडा जाळायच्या आणि जखमेला जखम चिकटवायची, एवढाच याचा खेळ. हे डॉक्टरने, मोजून, माणूस तपासून वापरायचं. आणि यांची शुगर किती आहे माहीत आहे?"

मी काकांकडे पाहिलं. माणसाच्या तोंडावरचा रंग उडतो म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. "ॲसिड?" ते म्हणाले. "म्या वयनीच्या कानाले ॲसिड लावलं?" आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

पुढचे चार दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. सूज मानेकडे सरकत होती. आणखी खाली उतरली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. सडलेला भाग काढावा लागला. आईच्या कानाची पाळी गेली. कानाचा खालचा तिसरा हिस्साच गेला म्हणा. वाचली मात्र. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "त्या काकांनी बाटली आणली म्हणून आमचा वेळ वाचला. लोक लपवतात हो. पार्लरमध्ये ओठांत सुई मारून येतात आणि सांगतात मधमाशी चावली. गोरं व्हायच्या क्रीमने किडनीवर आलं तरी डबी दाखवत नाहीत. केस लावून घेणारे तर बायकोलाही सांगत नाहीत की कुठे गेलो होतो." अशा बातम्या पेपरात मीही वाचलेल्या होत्या. मुंबई-पुण्यातली सोंगं म्हणून पान उलटलं होतं. अन् माझी आई, नऊवारी नेसणारी, टिकलीशिवाय आयुष्यात काही न लावलेली, त्याच वॉर्डात पडली होती!

भावाच्या लग्नात आई तशीच बसली. बोडक्या नव्हे, पट्टी बांधलेल्या कानाने. त्यानंतर तिने डोक्यावरचा पदर कधी खाली घेतला नाही. घरातसुद्धा नाही, माझ्यासमोरसुद्धा नाही.

आणि दिगूकाका? कोणालाही वाटेल, माणूस तोंड लपवून बसला असेल. छे! त्यांनी ज्यांचे ज्यांचे कान जोडले होते त्या एकूणएक बाईच्या दारात ते गेले. दारव्ह्यात पायी, खेड्यांवर जीपने. "शुगर हाये का? ठणकते का? मी लावलं ते ॲसिड होतं," असं अंगणात उभं राहून सांगायचे. कुणी शिव्या दिल्या, कुणी पाणी दिलं. एकीचा कान चिघळायला लागला होता, तिला ते स्वतः यवतमाळला घेऊन गेले. पोलिसांत अर्ज लिहायला माझ्याकडे आले. मी नागपूरवाल्याचं नाव लिहायला घेतलं तर म्हणाले, "पह्यलं नाव माहं टाक. हात माहा होता." मी चिडले. तुम्हाला फसवलंय त्याने, म्हटलं. "फसोलं, खरं हाये," ते म्हणाले. "पन बाटलीवर नाव नोतं, हे तं मले दिसत होतं ना पोरी."

नागपूरवाल्याचा फोन बंद. पण त्याचा व्हिडिओ? तो चालूच होता! ज्या दिवशी आईच्या कानाची शेवटची पट्टी निघाली, त्याच दिवशी शाळेतल्या एका मॅडमने मला तो दाखवला. आईचं हसू, जुळलेला कान, खाली नवा नंबर. मी तो तसाच काकांना नेऊन दाखवला. मग काकांनी माझ्याकडून दुसरा व्हिडिओ काढून घेतला. बटण लावून, टोपी घालून बसले. "मी दारव्ह्याचा दिगू. तो व्हिडिओ माहाच हाये. त्याच्यातला कान सडला. कोनी येऊ नका." पण खऱ्या व्हिडिओला कोण विचारतं? तो पाहिला फक्त आमच्या ओळखीच्यांनी. जुना फिरत राहिला, आणि बायका येत राहिल्या. काकांनी टोचणंही कायमचं बंद केलं होतं, तरी रोज सकाळी बंद दुकानाच्या पायरीवर येऊन बसत, आलेल्या बाईला परत पाठवायला. मी म्हटलं, उन्हात कशाला बसता काका, पाटी लावू ना. ते म्हणाले, "पाटी वाचून बाई दुसरीकडे जाईन. मले पाहून घरी जाते."

मागच्या पोळ्यानंतर काका गेले. बसल्या जागी, त्याच पायरीवर. मी हंबरडा फोडून रडले. दुकानासमोर जे बोलले होते त्याची माफी मी त्यांच्याकडे मागितलीच नव्हती.

गेल्या महिन्यात घाटंजीकडची एक बाई आमच्या दारात आली. सोबत लग्न ठरलेली मुलगी. दुकान बंद पाहून कुणीतरी आमचं घर दाखवलं होतं. तिने माझ्यापुढे मोबाइल धरला. "हे दिगूकाका कुठी भेटतीन? पोरीचं भोक लांबलं, लग्नाच्या आंधी बुजवाचं हाये. ह्या बाईचा पाहा ना कसा छान झाला."

आई आतून आली. तिने मोबाइल हातात घेतला, स्वतःचं हसू शेवटपर्यंत पाहिलं. मग त्या परक्या बाईसमोर, लग्नाच्या मुलीसमोर, तिने डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकला आणि मान वळवली.

"हाच तो कान हाये माय," ती म्हणाली. "जवळ ये. नीट पाह्य. दिगूभाऊ असता तं त्यानंच तुले वापस धाडलं असतं. तो नाही, म्हणून मी सांगून राह्यली."