तांबेराताई आणि प्लास्टिकच्या पिशव्या

तांबेराताईने नवऱ्याला बाहेर काढलं, ही खबर पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी चहा निवायच्या आत सगळ्या बिऱ्हाडांत पोचवली. बाहेर काढलं होतं हे खरं. पण घरातून नाही, रोपांच्या काचघरातून.

ही बाई सोयाबीनची रोपं आजारी पाडते. पगारच त्याचा. तांबेरा रोगाची भुकटी पाण्यात कालवून पानांवर फवारायची आणि कोण लोळतं, कोण तगतं ते बघायचं. जुन्या वाणाला वाचवणारं एक जनुक होतं, त्याला नव्या तांबेऱ्याने केव्हाच गुंडाळून ठेवलं. म्हणून तिने संकर करकरून दोन जनुकं एकाच रोपात आणली. ही जोडी टिकली तर बी शेतात जाणार. नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

फवारल्यापासून तिचा पाय एका जागी ठरेना. भरल्या ताटावरून उठायची. दूध उतू घालवायची. भाजीवाल्याकडे तर जुडीतलं पान अन् पान उलटं करून बघायची.

"बाई, भाजी घ्या, झडती नको," तो वैतागला.

डाग दिसायची वेळ आली, तर सगळी रोपं हिरवीगार! मदतनीस टाळ्या पिटायच्या बेतात. ताईचा चेहरा मात्र पडला. कारण शेजारी मुद्दाम लावलेलं 'रडकं' रोपही ठणठणीत होतं. तांबेरा नुसता शिंकला तरी ते आडवं व्हायचं. तेच धडधाकट, म्हणजे रोग कुणाला लागलाच नव्हता.

"छान दिसतायत की," तिला न्यायला आलेला नवरा म्हणाला. "फवारलंस त्या संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंडलं होतंस बिचाऱ्यांना. तू हात धुवायला गेलीस तेव्हा मीच काढल्या."

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आत अडकलेलं कुणी त्याला बघवत नाही.

"अहो, रात्रभर पानं ओली राहिली तरच रोग रुजतो! म्हणून त्या पिशव्या! आणि मी समजतेय, सकाळी मदतनिसाने काढल्या. व्हा बाहेर!"

एवढं काचघराच्या रखवालदाराने ऐकलं आणि काकूंच्या कानावर घातलं. पुढचं काकूंनी स्वतः रचलं.

पुन्हा फवारणी, पुन्हा पिशव्या. नवरा आता फाटकाशीच थांबायचा, आणि ही उठल्यासुटल्या भिंग घेऊन कुंड्यांपाशी. अखेर रडक्या रोपावर फिकट डाग उठले, बोट लावलं की भुकटी. तिच्या रोपावरही डाग! तिने भिंग धरलं: लालसर, टाचणीच्या टोकाएवढे, कोरडे. डागापुरतं पान स्वतःच मारून रोपाने रोगाची रसद तोडली होती. भुकटीचा कण नाही. जोडी टिकली होती! ती तिथेच, कुंड्यांमध्ये, फतकल मारून बसली.

घरी येताना जिन्यात काकूंनी गाठलंच. "एवढा तमाशा करून तुझ्या रोपावर डाग पडलेच म्हणे?"

"पडले ना, काकू. पण त्याने आलेलं दुखणं जागीच जिरवलं, पुढे नाही पोचवलं. तुम्हीही एकदा करून बघा."