कादंबरीतलं पोर आणि माझी गंगी

"पुस्तक खाली ठेव आणि लांब हो."

वाचनालयाचे चिटणीस ओसरीवरून बोलले. मी अंगणात, चपलांपाशी उभा.

श्रीवर्धनच्या त्या वाचनालयात वाचकांची सभा होती. नव्या ऐतिहासिक कादंबरीवर ज्याला मत द्यायचं त्याने द्यावं, असं फळ्यावर लिहिलं होतं. ज्याला. म्हणून गेलो. महारवाड्यातल्या शाळेचा मास्तर मी. वर्गणी माझीही होती. फक्त पुस्तक मला पायरीवरून उचलावं लागे.

कादंबरी जुन्या लढाईच्या काळातल्या एका पोराची. बाप मोहिमेवर जातो, घरात दाणा उरत नाही, मग गाव त्या पोराला घरोघरी जेवू घालतं. ओसरीवर सगळ्यांनी वाहवा केली. मग मी बोललो होतो.

"पोराची भूक खरी लिहिलीय. वाचताना मी रडलो. गाव खोटं लिहिलंय."

कुणीतरी हसलं. मी थांबलो नाही. सगळं सांगितलं. माझा बाप इंग्रज सरकारच्या लढाईत बोटीने बसऱ्याला गेला, परत आला नाही. तांदूळ महागला. आई याच आळीत दारोदार फिरली. "सावली पडते, मागे सर." तिला नाकारलेली पेज तिच्यासमोर गुरांपुढे ओतली. माझी धाकटी बहीण गंगी आईच्या मांडीवर भुकेनं गेली. तोंडात चिंचेचा पाला होता.

चिटणीस म्हणाले, "तुमच्या भुकेचा इतिहासाशी काय संबंध?"

आणि मग ते, पुस्तक खाली ठेव.

मी म्हणालो, "खाली ठेवणार नाही. हातातून घ्या."

कुणी उठलं नाही. पुस्तक घेऊन मी घरी आलो.

चोरीचा आळ आला. माफी मागितली तर नोकरी राहील, असा शाळाखात्याचा निरोप आला. आईने माझे पाय धरले. आईने.

"माफी माग रे बाबा. एक पोर भुकेनं गेलं माजं. दुसरं न्हाय घालवायचं मला."

"आये, तवा आपण गपच व्हतो. गंगी वाचली का?"

ती भिंतीकडे तोंड करून बसली. 

नोकरी गेली. शाळेला कुलूप लागलं. उद्या चूल कशी पेटेल, मला ठाऊक नाही. आईकडे बघवत नाही. पण माफी मागणार नाही. पोरं आमच्या अंगणात शिकायला बसतील. आणि पुढच्या सभेला मी ओसरीवर चढणार. उपाशी पोटी चढेन. खाली ढकलतील. पुन्हा चढेन.