हेलिकॉप्टरच्या वहीतलं 'ठीक'

सातवीत शाळा सुटली, पण अक्षर चांगलं राहिलं. त्या अक्षरावरच मला किनवटहून इतक्या लांब, मुळशीत नोकरी मिळाली. लग्नांना हेलिकॉप्टर भाड्याने देणारी कंपनी, आणि मी ते हेलिकॉप्टर पुसणारा. मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी भुकूमला खोली बघून दिली, घरची जुनी गादी दिली आणि एक वही दिली. वहीत इंजिन, तेल, पंखे असे रकाने. तपासायला मेकॅनिक होता, पण तो कधीमधी उगवायचा आणि वही रोज भरावी लागायची. काय लिहू, असं विचारलं तर साहेब म्हणाले, काल काय लिहिलंय ते बघ. काल 'ठीक' होतं.

मीही 'ठीक' लिहू लागलो. मनात धाकधूक असायची, पण ती हेलिकॉप्टरची नव्हे, नोकरीची. ज्यानं गादी दिली त्याला उलट काय विचारणार?

खंडेनवमीला हेलिकॉप्टरची पूजा झाली. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. त्या वर्षातली ती सगळ्यात मोठी सर्व्हिसिंग.

भातं निघाल्यावर घोटावड्याचं एक लग्न आलं. हॉल नवरदेवाच्या दारातून दिसत होता, पण जमीन नुकतीच विकलेली, त्यामुळे जायचं ते हवेतूनच. पायलट त्या दिवसापुरता आणलेला. साहेब आणि मी गाडीनं आधीच पोचलो होतो. नवरदेवाला घ्यायला तो शेतात उतरला तेव्हा त्याच्यासमोरच्या काट्यांमध्ये एक दिवा पेटलेला. तेलात लोखंडाचा चुरा आला की हा पेटतो, इंजिन आतून झिजतंय, असं तो म्हणाला. साहेब म्हणाले, त्या दिव्याला सवयच आहे, आणि माझी वही पुढे केली. पानोपानी माझं सुबक अक्षर.

"रोज तपासता?" पायलटनं मला विचारलं.

साहेब माझ्याकडे बघत होते. मी 'हो' म्हणून मान हलवली.

हेलिकॉप्टर उडालं, हॉलवर एक घिरटी घातली आणि आवाजच बंद झाला. फुलं टाकायला थांबलं असेल, असं वाटून खालच्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिन मेलं होतं, नुसते पंखे फिरत होते. तेवढ्यावर पायलटनं ते कसंबसं कापलेल्या भाताच्या खाचरात टेकवलं. त्याचा हात मोडला, नवरदेवाचा पाय मुरगळला, फेटा शाबूत. खाचराची मालकीण, म्हातारी बाई, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता ह्याला पाणी दावू का पेंढा टाकू?" नवरदेव मोटरसायकलवरून मुहूर्ताला पोचला.

चौकशीला अधिकारी आले. आदल्या दिवशी साहेबांनी मला बाजूला घेतलं. मेकॅनिक रोज यायचा एवढंच सांग, म्हणाले. "तुला हितं कुणी उभं केलं, ते विसरू नको."

विसरलो नव्हतो. रात्री झोपायचो त्यांच्याच गादीवर. पण अधिकाऱ्यांच्या खोलीत पायलटही बसला होता, हात गळ्यात बांधलेला, आणि त्या दिवशी त्यानं मला सरळ विचारलं होतं.

"'ठीक' लिहिताना काय बघायचास?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कालची ओळ, साहेब."

"असं कुणी सांगितलं?"

मी मॅनेजरसाहेबांचं नाव सांगितलं. त्यांनी जबाब टाईप करून सहीला पुढे सरकवला. मी सावकाश दोनदा वाचला.

"एवढं काय वाचतोस? कर सही," इतका वेळ बाहेर बसलेले मॅनेजरसाहेब दारातून डोकावून म्हणाले.

मग मी तिसऱ्यांदा वाचला आणि सही केली. खोली दुसऱ्या दिवशी सोडली. गादी झटकून, गुंडाळून त्यांच्या दारात ठेवून आलो.