चढवलेला गंधार

कार्तिकातला दुसरा रविवार, सकाळी दहा. मलकापूरच्या घरी हजर: मामाजी म्हणजे माझे सासरे, माझे यजमान, मी आणि सोनाळ्याच्या भजनी मंडळाचे बुवा. बुवांसोबत मामाजींची पेटी.

आमच्या भागातून सिनेमाला संगीत द्यायला गेलेले मामाजी पहिले. इकडच्या बायका जात्यावर गाताना गंधार किंचित उतरता लावतात, तोच त्यांनी स्टुडिओत नेला. आधी वादक हसले, मग त्या चाली घरोघर वाजल्या. त्या गंधारासाठी पेटीचे सूर त्यांनी स्वतः कानशीने घासले होते.

अर्धांगवायूने उजवा हात गेला. बोलणं परत आलं, गाणं आलं नाही. पण डोक्यात एक शेवटची चाल होती. "भाता कोनी मारा, मी डाव्या हातानं वाजोतो," म्हणायचे.

ते दवाखान्यात असताना मी त्यांची खोली आवरली. आता कसले वाजवतात, असं धरून पेटी भजनी मंडळाला दिली आणि काढून टाकायच्या वस्तूंच्या यादीत खूण केली. घरी येताच त्यांनी पेटी मागितली. मी सोनाळ्याला निरोप धाडला.

बुवा खुशीत मामाजींना म्हणाले, "बापू, पेटी पार बेसूर होती. कारागीर बसवून सारे सूर सरळ करून घेतले."

यजमानांनी भाता मारला. मामाजींनी गंधार दाबला. पुन्हा दाबला.

"म्हंजे बाबा, इतके वर्स शिनेमात बेसूरच वाजोलं म्हना तुमी," यजमान म्हणाले. बुवा हसले.

"पेटी कोनं देल्ली?"

 मी चहा ओतत होते.

"तूच देल्ली असशील," मामाजी मुलाला म्हणाले. "तुले लहानपनापासून कानच नाही. ऊठ, जाय इथून."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुवांना विचारलं, "साखर चालते ना?"

सूर पुन्हा उतरवायला दोन हात लागतात, आणि किती उतरवायचा ते त्यांच्याच कानाला ठाऊक. नांदुऱ्याहून कारागीर आणला, तर भिंतीकडे वळून म्हणाले, "त्याले काय समजते?" चाल त्यांच्या डोक्यातच राहिली.

मुलाच्या हातचं पाणी ते आता घेत नाहीत. माझ्या हातचं जेवतात. "सून हाय म्हनून जगून राह्यलो," असं आल्यागेल्याला सांगतात.

"कधी सांगतेस?" यजमान विचारतात.

पेटी मी दिली, हे मामाजींना सांगायचं अजून राहिलं आहे.