स्पीकरवर ठेवलेला पेन ड्राइव्ह

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, जुम्म्याच्या नमाजेनंतर ज्याच्यासोबत तासभर बसतो त्या दोस्ताजवळही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित तुमच्यापुढं तोंड उघडतंय.

दारव्ह्यात माझं मोबाइलचं दुकान आहे. दुरुस्ती करतो, रिचार्ज मारतो आणि मेमरी कार्डात गाणी भरून देतो. या गाण्यांच्या कामानंच माझा हात बिघडवला. खेड्यावरून आलेलं कार्ड फोननं वाचलं नाही की आम्ही सरळ फॉरमॅट मारायचो आणि नवी गाणी भरायचो. आतली गाणी तरी कुणाची? आम्हीच भरलेली. पुसली तर कुणाचं काय जाणार होतं? सवय अशी लागली की स्क्रीनवरचा मेसेज पुरता वाचायच्या आत अंगठा दाबून मोकळा व्हायचा.

तीन वर्षं झाली. बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जवळच्या तांड्यावरच्या कमलाबाई रुमालाची गाठ सोडत पुढं आल्या. आत पेन ड्राइव्ह होता. त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, आणि बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी निघताना माहेरच्या एकेकाच्या गळ्यात पडून गाते — ढावलो म्हणतात त्याला. रडतही असते आणि गातही असते. कमलाबाईंच्या आईला तो सगळा पाठ होता. म्हातारी जायच्या आधी कमलाबाईंच्या भाच्यानं तिच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलेला, लॅपटॉपवरून या पेन ड्राइव्हमध्ये भरलेला. तो लॅपटॉप पुढं खराब झाला. उरलं ते एवढंच. पोरीला ऐकून ऐकून शिकता यावं म्हणून त्यांना ते फोनवर हवं होतं.

काम दोन मिनिटांचं. ओटीजीची पिन लावली, पेन ड्राइव्ह फोनला जोडला. फोन म्हणाला, हा ड्राइव्ह चालत नाही, फॉरमॅट करा. लॅपटॉपवरून भरलेला पेन ड्राइव्ह फोन कधी कधी वाचत नाही, कॉम्प्युटरला मात्र सगळं दिसतं. मला हे ठाऊक होतं. कॉम्प्युटर माझ्या पाठीमागंच होता, नुसतं वळायचं होतं. पण समोर चार माणसं घाई करत होती, आणि — अंगठा दाबून झाला होता.

क्षणभर मला कळलंच नाही. कळलं तेव्हा पेन ड्राइव्ह रिकामा झाला होता.

तरी सांगायचं आहे ते हे नाही. चूक कुणाच्याही हातून होते, तुमच्याही झाली असेल. यानंतर मी जे केलं ते सांगायला माझी जीभ अजून रेटत नाही. मी कमलाबाईंना विचारलं, घरी हा कुठं ठेवत होता? त्या बिचाऱ्या भोळेपणानं म्हणाल्या, टीव्हीजवळच्या मोठ्या स्पीकरवर.

"मग बराबर हाय," मी म्हणालो. "स्पीकरात चुंबक रायते, ताई. त्यानं सारं वढून घेतलं. आता कुठंई नेला तरी काई निंघत नाई."

पेन ड्राइव्हला त्या चुंबकानं काही होत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. आणि हेही माहीत होतं की नुकतंच पुसलेलं परत काढून देणारे लोक यवतमाळला आहेत. तिथं नेला असता तर म्हातारीचा आवाज बहुतेक मिळाला असता. पण तिथल्या माणसानं सांगितलं असतं ना, की हा आजच कुणीतरी फॉरमॅट केलाय? म्हणून मी तो रस्ताच बंद केला. एका बाईच्या आईचा आवाज की माझ्या दुकानाचं नाव — मला निवडायला फार वेळ लागला नाही.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रुमालाला पुन्हा गाठ मारत हळूच म्हणाल्या, "म्हंजे मीच घालवला माह्या याडीचा आवाज."

आईला त्या याडी म्हणतात. मी मान खाली घालून दुसऱ्याचा फोन उघडायला घेतला.

लग्न झालं. पोरीनं अर्धाच ढावलो गायला, पुढचं कुणालाच नीट आठवेना. हे मला कमलाबाईंनीच सांगितलं, लग्नाचे लाडू द्यायला आल्या तेव्हा. त्यांचा भाऊ त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलत नाही. आईची एवढी एक वस्तू हिला सांभाळता आली नाही, असं तो चारचौघांत म्हणतो. कमलाबाई त्याचं खरं मानतात. मला त्या भला माणूस समजतात, कारण मी निदान कारण तरी समजावून सांगितलं. तो लाडू मी खाल्ला. त्यांच्यासमोरच.

गेल्या महिन्यात त्या परत आल्या होत्या. पोरीला मुलगी झाली, तिचे फोटो नव्या पेन ड्राइव्हमध्ये भरून हवे होते. मी एकेक फोटो उघडून पाहिला, दोनदा तपासला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पेन ड्राइव्ह हातात घेऊन त्यांनी विचारलं, "भाऊ, आता हा कुठं ठेवू? माह्या हातून पुन्हा तसं व्हाले नोको."

त्या दिवशीचं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं.

"कपाटात ठेवा," मी म्हणालो. "स्पीकरपासून लांब."