सुटणारी तिरडी पाहिजे

माणूस मरतो आणि बघणारे हसतात, असले सिनेमे मी गेली दोन वर्षं नेमाने बघते आहे. खालापूरला सरकारी कचेऱ्यांसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एकीकडे मशीन लोकांचे सातबारे ओकत असतं, दुसरीकडे माझ्या मोबाइलवर कुणाच्या तरी अस्थींचा डबा बदललेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, पाठपोट काढा." मी म्हणते, "थांबा हो, आत्ता मयत उठतंय." फटकळ म्हणून माझी ख्याती होतीच, त्यात ही भर.

पण मी हे हौसेने बघत नव्हते. या सिनेमांत कितीही फजिती होवो, शेवटी तिचा काहीतरी अर्थ लागतो. मयतात हसणारं माणूस वाईट नसतं, असं एखादा तरी सिनेमा म्हणेल, या आशेवर मी एकामागून एक संपवत होते. कारण मी माझ्या आईच्या मयतात हसले होते. गालातल्या गालात नव्हे, चांगली पोट धरून.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गावात तिरडी बांधायचे. तो काही धंदा नव्हे. कुणी गेलं की बोलावणं यायचं आणि आबा कोयता घेऊन निघायचे. दोन लांब बांबू, मध्ये आडव्या कामट्या, वर पेंढा, आणि सगळं काथ्याने आवळलेलं. खिळा म्हणून लावायचा नाही. त्यांनी बांधलेली तिरडी नदीपर्यंत कधी करकरलीसुद्धा नाही. घरच्या माणसाने घरची तिरडी बांधू नये, असा आमच्याकडे रिवाज आहे. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा आबांनी तो मोडला. "त्या पोरांना गाठ मारता येत नाय. मीच बांधणार," म्हणाले, आणि त्यांच्यापुढे कुणाचं चालतंय?

चौघांनी खांदा दिला, दोन पावलं टाकली आणि पायाकडची गाठ सुटली. कामटी घसरली, आई पुढे सरकली आणि तिचा पाय थेट पुढच्या धाकट्या काकांच्या पाठीत बसला. या काकांनी बांधावरच्या फणसावरून भांडून आईशी बारा वर्षं अबोला धरला होता. ते जागच्या जागी किंचाळले, "वैनी, चुकलं माजं!"

आता यावर कोण हसणार नाही? मी हसले. बायका म्हणाल्या, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. आत्याने कांदा फोडून माझ्या नाकाला लावला, तरी मला हसू आवरेना. आबांनी गाठ पुन्हा बांधली आणि एकदाच वळून माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर त्यांनी एकही तिरडी बांधली नाही. बोलावणं आलं की कंबर धरून बसतात. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही नाही. जगाला तोंडावर बोलणारी मी, पण घरी मात्र तोंडाला कुलूप. ती कंबर माझ्या हसण्यानेच धरली आहे, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. आईची फजिती झाली याहून मला तेच जास्त लागत होतं.

या थंडीत कळंबजवळच्या एका बंगल्यात सिनेमाचं शूटिंग लागलं. त्यांचा एक माणूस परवानगीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, इथे तिरडी बांधणारं कुणी मिळेल का? आम्ही मुंबईहून करून आणली, पण खरी वाटत नाही." त्याने फोटो दाखवला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे आबा बांधतात." बांधायचे, असं म्हणायला हवं होतं.

घरी मी नुसता फोटो आबांपुढे धरला.

"खिळे? तिरडीला खिळे मारल्यात? आणि ह्ये प्लास्टिकचे पट्टे कशाला? मेलेल्याची काय अब्रू ठेवाल का नाय?"

"मेलं कुणी नाही, आबा. सिनेमा आहे."

"मग तर आणखीच वाईट. जितं माणूस झोपणार त्यावर!"

सकाळी कोयता घेऊन दारात उभे. कंबर कुठे गेली, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

बंगल्याच्या अंगणात मयत खुर्चीत बसून कॉफी पीत होतं. ती नटी पेंढा बघून शिंकली. तरुण डायरेक्टर आबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, आमची फिल्म म्हणजे संकटात अर्थ शोधणं आहे."

"सापडला का?"

"अजून शूटिंग चालू आहे."

आबांनी बांबू निवडले, कामट्या तासल्या. दोन वर्षांनी हात चालत होते आणि मला असं बरं वाटत होतं म्हणून सांगू! तेवढ्यात डायरेक्टर म्हणाला, "फक्त एक आहे काका. दुसऱ्या पावलाला ती सुटली पाहिजे. बॉडी घसरते, लोक हसतात. खाली गाद्या घातल्यात."

 आई शप्पथ, मला हे ठाऊक नव्हतं. पोरीने मुद्दाम आणलं, एकदा हसून तिचं पोट भरलं नाही, असंच आबांना वाटणार. पण आबा मान खाली घालून काथ्या ओढत राहिले.

पहिला टेक. दोन पावलं, चार पावलं, दहा पावलं. तिरडी सुटेना. दुसऱ्या टेकला नट मंडळी फाटकापर्यंत जाऊन आली. तिसऱ्या वेळी त्यांनी गदागदा हलवली. मयत ओरडलं, "अरे, मला चक्कर येतेय!" पण गाठ जागची हलली नाही.

"काका, सैल बांधा ना!"

"सैलच बांधली."

डायरेक्टरने कपाळाला हात लावून चहा सांगितला. मी आबांना आंब्याखाली गाठलं. मनात ठेवून ठेवून माझा जीव मेटाकुटीला आला होता.

"आबा, मला माहीत नव्हतं हो. आणि तेव्हा मी हसले म्हणून तुम्ही बांधणं सोडलंत ना? शिव्या द्या, पण बोला."

आबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तू हसलीस म्हणून सगळी तुझ्याकडं बघाय लागली. नायतर माझ्याकडं बघितली असती."

"म्हणजे?"

"ती गाठ सुटली नाय गं. मी आवळलीच नवती. गुडघ्याला काथ्या रुतला असता तिच्या. संधिवात होता ना."

"आबा, आई गेली होती."

"हां. ते मला नदीवर कळलं."

 डायरेक्टरने हाक मारली तसे आबा उठले. नटीपाशी जाऊन त्यांनी विचारलं, "बाय, गुडघे दुखतात का तुझे?" ती नाही म्हणाली. तरी त्यांनी पायाकडचा काथ्या हलक्या हाताने फिरवला, आवळला नाही.

दुसऱ्या पावलाला तिरडी सुटली. मयत घसरलं, पुढचा नट बोंबलला, सगळं युनिट हसलं. आबाही हसले, तोंडावर पंचा धरून. मला मात्र असा हुंदका फुटला की मयतसुद्धा उठून बसलं.

"कट!" डायरेक्टर चिडला. "ताई, तुमच्या रडण्याने टेक गेला. काका, पुन्हा बांधा, अगदी तशीच."

आबा पंच्याने डोळे पुसत पुन्हा तिच्या पायाशी बसले.